लेकुरवाळे घर आणि त्याची साधने

ज्या घरातून आई आणि वडील दोघेही सकाळी नऊच्या आत कामावर निघतात, ज्या घरी आजीआजोबा नाहीत किंवा असले तरी परगावी राहतात, आणि ज्या घरात रांगणारे किंवा शाळेत जाणारे मूल आहे, त्या घराचा निम्मा कारभार आज वस्तूंच्या भरवशावर चालतो. मुलाला चुलीपासून, विहिरीपासून आणि जिन्यापासून दूर ठेवण्याचे जे काम वाड्यातील चार प्रौढ माणसांच्या नुसत्या वावरण्याने होत असे, ते आता जाळी, कडी, पट्टा, झडप आणि कळ यांच्याकडे आले आहे. आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या स्मरणात जी रोजकीर्द बिनचूक राखली जात असे, ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे आणि खिशातल्या फोनकडे सोपवली गेली आहे. अशा वस्तूंनी दुकाने भरलेली आहेत, त्यांच्या जाहिराती अहोरात्र चालू आहेत. परंतु जाहिरात नेहमी एकेका जिनसेची असते, आणि यांतील कोणती आधी घ्यावी, कोणती मागाहून घ्यावी व कोणती मुळीच घेऊ नये, याचा निवाडा गृहस्थाला स्वतःच करावा लागतो. प्रस्तुत लेखात हा निवाडा करण्याचा प्रयत्न आहे.

त्यासाठी एकच कसोटी लावावी असे मला वाटते. रात्री साडेआठला दमून घरी आलेला, एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असलेला माणूस विसरला, चुकला किंवा क्षणभर गाफील राहिला, तरीही जी वस्तू आपले काम बजावते, ती खरी सुरक्षेची वस्तू होय. उलट जी वस्तू त्याच दमलेल्या माणसाकडे अखंड लक्षाची मागणी करते, सारखी उघडून पाहावी लागते, तिने त्याचे ओझे वाढवलेलेच असते. या कसोटीला लावून पाहिले की ज्या वस्तूंचा गाजावाजा सर्वांत मोठा त्या बहुधा यादीच्या तळाशी जातात, आणि ज्यांच्याकडे घरात कोणी वळूनही पाहत नाही अशा दोनचार वस्तू सर्वांत वर येतात.

सर्वांत वरचे स्थान मी विजेच्या फलकावर बसवलेल्या त्या छोट्या पेटीला देईन, जिला वायरमन लोक अजून जुन्या सवयीने ‘ईएलसीबी’ म्हणतात आणि जिचे आजचे नाव आरसीसीबी असे आहे. पुष्कळ सुशिक्षित घरांतही असा समज आढळतो, की फलकावर एमसीबी बसवले म्हणजे विजेच्या धक्क्यापासून मुलाचे रक्षण झाले. वस्तुस्थिती तशी नाही. एमसीबी तारांचे रक्षण करतो. प्रवाह मर्यादेबाहेर गेला किंवा दोन तारा एकमेकींना भिडल्या की तो खाली पडतो. मुलाच्या शरीरातून जमिनीकडे जाणारा प्रवाह त्या मानाने इतका अल्प असतो, की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि प्राण जाण्यास मात्र तेवढा प्रवाह पुरेसा असतो. आरसीसीबीचे कार्य निराळे आहे. घरात शिरणारा प्रवाह आणि परत जाणारा प्रवाह यांचा ती क्षणोक्षणी ताळा घेत असते, आणि या जमाखर्चात 30 मिलिअँपिअरची तूट दिसताच सेकंदाच्या अल्पांशात सगळा पुरवठा तोडते. घरगुती वापरासाठी 30 मिलिअँपिअरचीच घ्यावी. 100 किंवा 300 मिलिअँपिअरच्या पेट्या मिळतात, परंतु त्या मुख्यतः आगीपासून बचावासाठी असतात, माणसाच्या अंगासाठी नव्हेत. तिच्यावर ‘टी’ अक्षराची एक कळ असते. महिन्यातून एकदा ती दाबावी. दाबताच घरातली वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर ती पेटी भिंतीवरची केवळ शोभा आहे असे समजून त्याच दिवशी वायरमनला बोलवावे.

याच संदर्भात झडपेच्या सॉकेटचा उल्लेख केला पाहिजे. तीन छिद्रांच्या चांगल्या सॉकेटमध्ये खालच्या दोन छिद्रांमागे पडदे असतात, आणि वरच्या छिद्रात अर्थिंगची लांब पिन शिरल्यावाचून ते उघडत नाहीत. त्यामुळे मुलाने तार किंवा केसांची पिन खुपसली तरी ती आत जात नाही. परंतु आपल्याकडे दोन पिनांचे चार्जर फार, आणि ते अशा सॉकेटमध्ये बसेनात की घरातला मोठा माणूस वरच्या छिद्रात बॉलपेन किंवा स्क्रूड्रायव्हर घालून तो पडदा दाबतो व चार्जर आत सारतो. दोन वर्षांचे मूल हे सर्व जवळ उभे राहून पाहत असते. मुलाला विजेच्या छिद्रात काहीतरी खुपसायला शिकवण्याची याहून खात्रीशीर पद्धत शोधून सापडणार नाही. दोन पिनांचा चार्जर सरळ बसेल असे सॉकेट किंवा झडपांची विस्तारपट्टी फार महाग नाही. ती आणावी आणि पेनाचा हा प्रघात घरातून बंद करावा.

आता स्वयंपाकघराकडे वळू. प्रेशर कुकरने मराठी घरातील स्त्रीचा जितका वेळ वाचवला तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या वस्तूने वाचवला असेल, आणि कामावर जाणाऱ्या आईबापांच्या सकाळचे सगळे वेळापत्रक आजही त्याच्या तीन शिट्ट्यांभोवती बांधलेले असते. या भांड्याची रचना पाहिली तर आपली कसोटी त्याच्या कर्त्यांनी आधीच ओळखली होती असे म्हणावे लागते. वाफेची नळी डाळीच्या टरफलाने तुंबली, शिट्टी वर येईना, आतले पाणी आटले, आणि घरातले माणूस दुसऱ्या खोलीत मुलाला अंघोळ घालीत राहिले, तरी झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधील कमी तपमानाला वितळणारा धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. ज्या कुकरांचे झाकण आतून बसते, त्यांत वाफेचा दाबच झाकणाला कडांशी दाबून धरतो, त्यामुळे दाब उतरल्याशिवाय ते कोणाच्या हाताला उघडत नाही. अशी ही दुहेरी तजवीज निष्फळ होते ती आपल्याच काटकसरीने. वितळलेल्या व्हॉल्व्हच्या जागी रस्त्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडचा भलताच व्हॉल्व्ह बसवला जातो. गास्केट ताठर होऊन चिरा पडल्या तरी ते पाण्याखाली धरून आणखी चार महिने चालवले जाते. कुकरसाठी आय.एस. 2347 हे भारतीय मानक आहे, आणि 2020 सालच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने त्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचे केलेले आहे. असे असूनही चिन्हाविना कुकर ऑनलाइन विकू दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला 2022 साली मोठमोठ्या विक्री कंपन्यांना दंड करावा लागला. सबब घरपोच आलेल्या कुकरच्या बुडाशी किंवा अंगावर ते चिन्ह आहे की नाही हे पाहणे आपले काम उरतेच.

गॅसच्या बाबतीत दोन तारखा पाहायच्या असतात, आणि बहुतेक घरांत दोन्ही पाहिल्या जात नाहीत. पहिली सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर आतल्या बाजूस रंगवलेली असते: ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि पुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, अशी ती तिमाही आहे, आणि त्या तिमाहीपर्यंतच त्या टाकीच्या चाचणीची मुदत असते. मुदत टळलेली टाकी माणूस दारात उभा असतानाच परत करावी. दुसरी तारीख रबरी नळीवर छापलेली असते. आत तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. परंतु शेगडीमागच्या अंधारात ती दहा-दहा वर्षे पडून राहते, उंदराने कुरतडली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, आणि रांगणारे मूल नेमके तेथेच असते. वास येताच दिव्याची कळ चालू किंवा बंद काहीही न करता, रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि 1906 या क्रमांकावर कळवावे.

स्नानगृहाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तेथे विकत घेण्यापेक्षा बाहेर काढण्याजोगे अधिक आहे. गॅसचा गीझर बंद स्नानगृहात कदापि नसावा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि मनुष्य ओरडण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. तो बाहेरच्या हवेशीर सज्जात बसवावा आणि आत केवळ नळ न्यावा. बादलीत सोडायचा विजेचा रॉड मुले असलेल्या घरातून सरळ हद्दपार करावा. बादलीत आधी गार पाणी आणि मग कढत, हा क्रम मोडू नये. आणि भरलेली बादली रात्रभर उघडी ठेवू नये, कारण वर्ष-दीड वर्षाचे मूल डोके जड असल्यामुळे तिच्यात उलटे पडले की त्याला पुन्हा वर येता येत नाही.

औषधांच्या कपाटाकडे मात्र सावकाश पाहिले पाहिजे. तापाच्या रात्री घरोघरी जे पॅरासिटामॉलचे पातळ औषध पाजले जाते, ते दुकानात निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. एका बाटलीत 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत तेवढ्यातच 250 मिलिग्रॅम. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत तर एकेका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम. बाटलीचा रंग तोच, चित्र तेच, नावातही फरक किंचित. मागच्या वेळी एक चमचा दिला होता एवढे स्मरणात ठेवून रात्री दोन वाजता नव्या बाटलीतून एक चमचा दिला, की मात्रा दुप्पट झालेली असू शकते. आणि तो चमचा जर चहाचा असेल, तर त्याचे माप प्रत्येक घरी वेगळे. येथे उपाय कमालीचा स्वस्त आहे. मिलिलिटरच्या खुणांची, सुई नसलेली पिचकारी औषधविक्रेत्याकडे सहज मिळते; ती बाटलीलाच रबराने बांधून ठेवावी, आणि मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा व दोन मात्रांमधील अंतर चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावावे. त्याच पट्टीवर शेवटची मात्रा कोणी आणि केव्हा दिली हेही लिहिण्याची सवय ठेवली, म्हणजे आईने दिलेले औषध वडिलांनी नकळत पुन्हा दिले असे होत नाही.

औषधांखेरीज घरात विष म्हणून न ओळखली जाणारी विषे असतात. देवघरातला कापूर हे त्यांतील पहिले. खडीसाखरेसारखा दिसणारा तो खडा लहान मुलाने गिळला तर थोड्या वेळात आकडी येऊ शकते. कपड्यांतल्या डांबरगोळ्या, शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले रॉकेल किंवा थिनर, डास घालवण्याच्या यंत्राची सुटी कुपी, उंदीर मारण्याची ट्यूब, ही बाकीची. रॉकेल पोटात गेल्यावर मुलाला ओकारी काढावयास लावणे हा जुन्या समजुतीतला उपाय घातक आहे, कारण उलटताना ते फुप्फुसात शिरते. आणि अलीकडे यांत बटनाच्या आकाराच्या चपट्या बॅटरीची भर पडली आहे, जी रिमोटमध्ये, वजनकाट्यात आणि गाण्याच्या खेळण्यांत असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांच्या आत तेथील भाग जळू लागतो. म्हणून अशी बॅटरी असलेल्या खेळण्याचे झाकण स्क्रूने बंद होत असेल तरच ते घरात आणावे, आणि मुलाने बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता क्ष-किरणाची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. या सगळ्यांसाठी एकच कपाट, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या वर आणि कडी असलेले, एवढीच व्यवस्था लागते. पूर्वीच्या फडताळात आणि शिंक्यात हा उंचीचा विचार आपोआप झालेला होता. आजच्या स्वयंपाकघरात मात्र सिंकखालची उघडी जागा साबण, ॲसिड आणि फिनेल यांच्या कबजात असते, आणि ती मुलाच्या हाताला सर्वांत जवळची जागा आहे.

चालायला शिकवणाऱ्या गाड्यांविषयी माझे मत ठाम आहे. आपल्या परंपरेतला पांगुळगाडा लाकडी, तीन चाकांचा. मूल त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभे राहते, दांडा धरते आणि ढकलते. त्याचा तोल त्याला स्वतः सांभाळावा लागतो आणि तो गेला की मूल खाली बसते, इतकेच. आज ज्याला वॉकर म्हणतात त्या प्लॅस्टिकच्या गोल गाडीत मूल मधोमध झोळीत बसवलेले असते, पायाचे चवडे जेमतेम जमिनीला टेकतात, आणि तरीही त्याला त्याच्या समजेच्या कित्येक पटींनी अधिक वेग मिळतो. उंबरठा, जिना, गरम आमटीचे पातेले ठेवलेला ओटा, कुठेही ते आईच्या आधी पोहोचते. चालणे लवकर येण्यासही तिचा उपयोग होत नाही. कॅनडाने 2004 साली या गाड्यांच्या विक्रीवर सरसकट बंदी घातली. आपल्याकडे त्या बारशाला आहेर म्हणून दिल्या जातात. आहेर द्यायचाच तर पांगुळगाडा द्यावा.

रस्त्यावर आपण सर्वांत निष्काळजी आहोत, हे दुःखाने नमूद केले पाहिजे. शाळा सुटण्याच्या वेळी कोणत्याही शहरात उभे राहावे: वडिलांच्या डोक्यावर शिरस्त्राण, त्यांच्या पुढे स्कूटरच्या पायठाणावर उभे असलेले चार वर्षांचे मूल उघड्या डोक्याने, मागे बसलेल्या आईच्या मांडीवर दुसरे. अचानक ब्रेक लागला की पुढचे मूल हँडलवर आदळते आणि मागून वडिलांचे सगळे वजन त्याच्यावर येते. कायद्याने याचा विचार केलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील प्रत्येकाला शिरस्त्राण सक्तीचे झाले, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये प्रसिद्ध होऊन एक वर्षाने अंमलात आलेल्या नियमांनी चार वर्षांखालील मुलासाठीही त्याच्या मापाचे शिरस्त्राण, त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्ट्यांचा अंगरखा, आणि ताशी 40 किलोमीटरची कमाल वेगमर्यादा ठरवून दिली. हा अंगरखा हलका, कमीजास्त करता येणारा, पाण्याने न भिजणारा आणि 30 किलोपर्यंत भार पेलणारा असावा असे नियमातच लिहिले आहे. कडेवरच्या मुलाला झोप लागली तरी तो त्याला सोडत नाही. सबब आमच्या कसोटीस तो पूर्णपणे उतरतो. तरी त्याचा वापर आपल्या रस्त्यांवर अपवादानेच दिसतो. शिरस्त्राण घेताना मुलाला दुकानात न्यावे, पट्टा लावून त्याचे डोके डावीउजवीकडे हलवायला सांगावे. डोके हलून शिरस्त्राण जागीच राहिले तर ते मोठे आहे. ‘पुढच्या वर्षी बसेल’ हा गणवेशाचा हिशेब येथे चालत नाही.

चारचाकीतील बालआसनाचा इतिहास मनोवेधक आहे. तीन ठिकाणी अडकवायचा पट्टा व्होल्वो कंपनीतील अभियंता नील्स बोलिन याने 1959 साली मोटारीत आणला. पुढे 1960 च्या दशकात गोटेनबर्ग येथील बर्टिल आल्डमन या वैद्यकाने, अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात हे पाहून, मुलाला गाडीच्या मागील दिशेकडे तोंड करून बसवण्याची कल्पना मांडली. तिचे कारण शरीराच्या घडणीत आहे. जन्मतः डोके शरीराच्या एकूण लांबीच्या सुमारे चतुर्थांश असते आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली की पुढे तोंड केलेल्या मुलाच्या मानेवर सगळा झटका येतो, तर मागे तोंड केलेल्याच्या पाठीवर तो पसरला जातो. आपल्या कायद्याच्या 194 ब या कलमान्वये चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन यांवाचून नेणाऱ्यास एक हजार रुपये दंड आहे. परंतु आपल्याकडे आईची मांडी हेच मुलाचे आसन, ही भावना फार खोल आहे आणि तिच्यातले प्रेम खरे आहे. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी आदळली असता दहा किलोचे मूल कोणाही मातेच्या हातात राहू शकत नाही, हे पदार्थविज्ञान त्या प्रेमापेक्षा प्रबळ आहे. पुढच्या आसनावर एअरबॅग चालू असताना मागे तोंड केलेले बालआसन ठेवणे तर आसन नसण्याहून वाईट. घेतल्यास ते मागच्या बाकावर, घट्ट, आणि प्रत्येक प्रवासात.

दारांविषयी एक दृश्य मुंबई-ठाण्याच्या अग्निशमन दलाला चांगले परिचित आहे. कचरा टाकण्यासाठी आई बाहेर पाऊल टाकते, वाऱ्याने दार आपटते, लॅच बसते. आत दीड वर्षांचे मूल, शेगडीवर दूध. लॅच ही चोरापासून रक्षणाची वस्तू आहे, पण मुलाच्या बाबतीत ती आईबापांचीच वाट अडवते. एक किल्ली शेजाऱ्यांकडे अमानत ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त इलाज, आणि शेजार जोडण्याचेही ते एक निमित्त होते. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांबद्दल सांगायचे तर त्या हव्यातच, मात्र त्यांतील एक तरी आतून उघडणारी असावी. आग लागल्यावर न उघडणाऱ्या जाळीने कोंडलेल्या घरातून सुटकेचा मार्ग उरत नाही. आणि जाळी नसलेल्या खिडकीखाली खुर्ची, पलंग किंवा मोडा ठेवू नये.

आता त्या वस्तूंकडे येतो, ज्यांची जाहिरात सर्वांत मोठी. मुलाच्या मनगटावरचे जीपीएस घड्याळ, पाळण्यावरचा कॅमेरा, बाईंवर नजर ठेवणारा दिवाणखान्यातला कॅमेरा, आणि या सर्वांचे चित्र आईच्या कार्यालयातील मेजावर आणून देणारे ॲप. यांचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. शाळेची बस अडकली असता ती कोठे आहे हे कळल्याने आईच्या जिवाला मिळणारा निवांतपणा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे, आणि तान्ह्या बाळाला पाळणाघरात किंवा मावशींच्या हवाली करून निघालेल्या स्त्रीच्या काळजीला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु कॅमेरा पडणाऱ्या मुलाला धरत नाही. तो पडलेले दाखवतो, तेही कोणी पाहत असेल तर. शिवाय घरातले चित्र घराबाहेरच्या कोणा संगणकावर साठवले जाते, त्याचा कबजा कोणाकडे, हा प्रश्न उरतोच. आजूबाजूचे संभाषण गुपचूप ऐकवणाऱ्या मुलांच्या घड्याळांवर जर्मनीने 2017 साली बंदी घातली, कारण आईबाप त्यांतून वर्गातल्या शिक्षकांचे बोलणे ऐकू लागले होते. आपल्या 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल मानली आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आहे. ती संमती आपण ॲपच्या पहिल्या पडद्यावर, काही न वाचता, बोटाच्या एका स्पर्शाने देऊन टाकतो. घ्यायचाच असेल तर कॅमेरा घ्यावा, पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, आणि ज्या मावशींच्या हातात मूल सोपवले त्यांना तो आहे हे सांगून घ्यावा. चोरून पाहिलेल्या माणसाकडून मायेची अपेक्षा करता येत नाही.

सुरक्षेनंतर व्यवस्थेचा विचार. येथे कसोटी किंचित बदलते: जी वस्तू एका माणसाच्या डोक्यातले स्मरण सगळ्या घराच्या मालकीचे करते ती उत्तम. लसीची तारीख, शाळेची फी, गॅस कधी लावला, दुधाचे खाडे, बाईंचे खाडे, पालकसभा, गणवेशाचा पांढरा दिवस, हे सर्व बहुतेक घरांत एकट्या आईच्या डोक्यात असते, आणि ती आजारी पडली की घराचे दप्तरच बंद होते. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली सुरू केलेले ‘कालनिर्णय’ मराठी घरांत इतके रुजले, याचे एक कारण पंचांग सोपे झाले हे खरे; पण दुसरे असे, की तारखेचा तो चौकोन लिहिता येण्याजोगा होता आणि भिंतीवर सर्वांना दिसेल असा टांगलेला होता. दुधाचे ‘1½’, सिलिंडरचा फुलीसारखा शेरा, कोपऱ्यात ‘डोस’ असे लिहिलेले. फोनमधील स्मरणाची घंटा अचूक वाजते, पण ज्याच्या फोनमध्ये ती असते त्यालाच ती ऐकू येते. भिंतीवरचे पान सासूबाई, वडील, आठ वर्षांची मुलगी आणि कामाच्या मावशी या सर्वांना वाचता येते. म्हणून अनेक ॲपे पाहूनही माझा कौल अजून भिंतीवरच्या कागदालाच आहे, त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असावी ही एक पुरवणी जोडून.

दप्तराच्या ओझ्याचा प्रश्नही व्यवस्थेचाच आहे. केंद्राच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. महाराष्ट्र सरकारने त्याआधीच 2015 साली याबाबत आदेश काढले होते. ‘बालभारती’ने 2023-24 पासून दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत व कोऱ्या पानांसह काढली, की वही वेगळी न्यावी लागू नये, पण वह्या दप्तरात राहिल्याच, आणि 2025 मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. वजनाचा पुष्कळसा भाग पाण्याची बाटली, दुहेरी डबा आणि कालच्या वेळापत्रकाची न काढलेली पुस्तके यांचा असतो. घरातल्या वजनकाट्यावर रविवारी रात्री दप्तर ठेवून पाहावे. दोन रुंद पट्ट्यांचे, कमरेच्या वर राहणारे साधे कापडी दप्तर चाके लावलेल्या दप्तरापेक्षा बरे, कारण आपल्या शाळांत जिने आहेत आणि जिन्यावर चाकांचे ते ओझे हातानेच उचलावे लागते.

शहरातल्या दुकानांपुरता हा आढावा थांबवणे अन्यायाचे होईल. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल फडाच्या कडेला कोपीत झोपते, आणि शेतमजुराच्या घरी फरशी नसते. तेथे सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे कडा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी. ती डासांइतकीच मण्यारीलाही अडवते, जी रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि जिच्या दंशाची पुष्कळदा वेदनाही होत नाही. दुसरी वस्तू बॅटरी, अंधारात पाऊल टाकण्यापूर्वी लावण्यासाठी. मच्छरदाण्या हिवतापाच्या प्रदेशांत सरकारकडून वाटल्या जातात. तशा त्या ऊसतोडीच्या प्रत्येक टोळीबरोबर, कारखान्याच्या खर्चाने गेल्या पाहिजेत, अशी मागणी करण्याची वेळ आली आहे.

विकत घेताना चिन्ह पाहावे हे सांगून झाले, पण चिन्ह खोटेही छापलेले असते. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक घातला की परवानेदाराचे नाव आणि परवाना चालू आहे की नाही हे दिसते. शिरस्त्राण, कुकर आणि 1 जानेवारी 2021 पासून ज्यांवर हे चिन्ह सक्तीचे आहे ती खेळणी, या तिन्हींसाठी पैसे देण्यापूर्वी एवढा एक मिनिट काढावा.

आणि एक काम असे आहे ज्याला काहीच खर्च नाही. कागदावर ठळक अक्षरांत पाच क्रमांक लिहावेत: सर्व संकटांसाठी 112, आगीसाठी 101, रुग्णवाहिकेसाठी 108, गॅसगळतीसाठी 1906, आणि मुलांच्या मदतीसाठी 1098, जी सेवा 1996 साली मुंबईतच सुरू झाली. त्याखाली आईचा, वडिलांचा आणि किल्ली असलेल्या शेजाऱ्यांचा क्रमांक, आणि घराचा संपूर्ण पत्ता. कागद मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवावा, सहा-सात वर्षांच्या मुलाकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा, आणि कुलूप लावलेल्या फोनवरूनही आपत्कालीन क्रमांक कसा लावायचा हे त्याच्या हातात फोन देऊन दाखवावे. हे आज रात्रीच करावे.